ठमीचा घास

आषाढी अवसेच्या उधाणाने धाकट्या खाराचा बांध फोडला आणि खाडी बाळाजीच्या शेतात शिरली. एकदाच शिरून निघून गेली असती तर माणसांनी कपाळावर हात मारून घेतला असता आणि पुढचं काम धरलं असतं. पण बांधाला पडलेली खांड मोठी होती, आणि ती बुजेपर्यंत दर भरतीला खाडी आत येत राहिली. वीतभर वाढलेलं भात आधी पिवळं पडलं, मग तांबूस झालं, मग चिखलावर काळे कोंब तेवढे उरले. उरणच्या त्या बाजूला खारात, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेल्या शेतात, पेरणारी माणसं खाडीला शिव्या देत बसत नाहीत. ती चिखल उचलतात आणि खांड बुजवायला लागतात.

ओहोटी लागली की बाळाजी बांधावर जायचा. त्याची बायको केसरही जायची. तिला सहावा महिना लागला होता, पण घरटी दोन माणसं द्यायची असं ठरलेलं, आणि तिसरं माणूस म्हणजे सासू मनुबाई; तिच्या डोळ्यांत फुलं पडून दोन्ही डोळे गेलेले. माणसांची रांग मांडीभर चिखलात उभी राहायची आणि ओल्या मातीचं ढेकूळ या हातातून त्या हातात सरकत खांडीपर्यंत जायचं. केसरच्या आधी शेजारची भागुबाई उभी असायची. ती हातातलं ढेकूळ अर्धं मोडून केसरला द्यायची आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायची, "काय गो, हात हाईत का काड्या? नीट धर!" कोणी आपल्याला दयाळू म्हणू नये याची तिला फार काळजी.

भरती चढू लागली की सगळे घरी परतायचे. घरात भर दुपारी काळोख असायचा. पावसाने कौलं काळी पडलेली, भिंतींना ओल, चुलीचा धूर वर न जाता जमिनीवरच घोटाळणारा. आणि माजघराच्या कोपऱ्यात कणगी.

मिठागरावरचं काम सुरू व्हायचं दिवाळीनंतर. तोवर घराला आधार होता तो या कणगीचाच. बांबूच्या कामट्यांची, शेणामातीने लिंपलेली, पुरुषभर उंच, दोघांच्या कवेत न मावणारी. भात वरून ओतायचं आणि वरूनच काढायचं. तळ मात्र कधी काढायचा नाही. कणगीचा तळ दिसला की घर बसलं, असं सारा पाडा मानायचा. त्यामुळे घरोघर दर साली जुन्यावर नवं भात पडत जायचं, आणि तळाला काय आहे ते कोणालाच ठाऊक नसायचं.

मनुबाईला मात्र ठाऊक होतं. तिच्या कणगीच्या तळाला ठमी होती.

म्हणजे ठमीचा वाटा होता. पण मनुबाई तसं म्हणायची नाही. पंधरा-सोळा वर्षांमागे, ज्या साली पावसाने पाठ फिरवली आणि वर मानमोडीचा ताप आला, त्या साली तिचा नवरा येसाजी गेला आणि दोन्ही पोरं अंथरुणाला लागली. बाळाजी मोठा होता, तो निभावला. धाकटी ठमी पेज मागत राहिली. कणगीत होतं ते फक्त बियाणं, आणि बियाणं खाल्लं तर पेरायचं काय? मनुबाई म्हणाली, उद्या करते. दुसऱ्या दिवशीही म्हणाली, उद्या. मग मागायला कोणी उरलं नाही. पेरणीच्या वेळी तिने बियाणं बाहेर काढलं, पण एक टोपली तळाला तशीच ठेवली. ती ठमीची. तिला कोणी हात लावायचा नाही.

तिचं काही चुकलं होतं असं म्हणायला जीभ उचलत नाही. पाड्यातल्या कुठल्याही बाईने तेच केलं असतं. पण जिने केलं तिला त्याने काय दिलासा मिळणार?

डोळे गेल्यापासून मनुबाई कणगीला पाठ लावून बसायची. जेवण वाढायची मात्र तीच. हाताने चाचपून, आधी बाळाजीला, मग स्वतःला, उरेल ते केसरला. आणि रोज दुपारी आपल्या ताटलीतला एक घास मातीच्या परळात काढून कणगीच्या पायाशी सरकवायची.

"जेव गो बाय," ती म्हणायची. "आज कालवन तिखट न्हाय केलं तुज्या वैनीनं."

वैनी म्हणजे केसर. लग्न होऊन आली तेव्हा या बोलण्याने केसरच्या अंगावर काटा यायचा. पुढे तो येईनासा झाला. सकाळी तो शिळा, मुंग्या लागलेला भात उकिरड्यावर टाकायचा आणि परळ धुऊन ठेवायचा, हे तिच्या इतर कामांतलंच एक काम झालं.

बांध फुटल्यावर मनुबाईने मापटं निम्मं केलं. मग उरेल ते म्हणजे खरवड आणि पेजेचं पाणी. बांधावरून आलेली केसर तेवढं खायची आणि भांडी घासताना तिला भांड्याच्या काठाला चिकटलेली शितं दिसायची. ती बोटाने काढून तोंडात टाकायची. पोटातलं पोर लाथा मारायचं. एका दुपारी बाळाजी ओटीवर घोरत होता, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि केसर माजघरातून जाताना परळापाशी थांबली.

भात अजून गरम होता. त्यावर सुकटीचे दोन तुकडे होते.

ती खाली बसली आणि तो घास तिने तोंडात कोंबला. मनुबाई हातभर अंतरावर मान खाली घालून पेंगत होती. केसरने एकदाच चावलं, आणि म्हातारीची मान वर आली.

"कोन?"

केसरचं तोंड भरलेलं होतं. गिळता येईना, थुंकता येईना.

"ठमे?" मनुबाईचा आवाज अगदी हळू झाला. "तू खातेस?"

केसर हलली नाही. म्हातारीने आंधळे डोळे तिच्या दिशेने लावले, हात पुढे केला, आणि मधेच मागे घेतला. जणू धरायला गेलं तर पोर पळेल.

"खा. खा गो माजे बाय. उद्यापासून जास्ती ठेवीन."

त्या वेळी केसरने तोंड उघडून ‘मी आहे’ म्हटलं असतं तर शिव्या बसल्या असत्या, फार तर बाळाजीने हात उगारला असता, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण चोरून खाणाऱ्या सुनेला ते कसं सुचावं? ती पावलं न वाजवता मागच्या पडवीत गेली आणि तिथे तिने तो घास गिळला. गिळताना तिला रडू आलं, आणि तरी तो गोड लागला.

दुसऱ्या दिवशी परळात दोन घास होते. तिसऱ्या दिवशी निम्मी ताटली. मनुबाई आपल्यातलंच काढत होती; तिची मनगटं बारीक होत चालली, पण तोंडावर कधी न पाहिलेली टवटवी आली होती. केसर रोज खायची. म्हातारी मान वळवून ऐकत बसायची.

"भूक लय हाय पोरीला," ती बाळाजीला सांगायची. "तवा न्हाय दिलं, आता दिते."

बाळाजी भिंतीकडे बघायचा. आई भ्रमली, एवढंच त्याला वाटायचं. केसर खाली बघायची.

एके दुपारी मनुबाईने तिला हाक मारली. "सूनबाय, जरा हात लाव. पोरीचं आंग तापलंय."

केसरने तिच्या समाधानासाठी कणगीवर तळवा ठेवला, आणि झटकन मागे घेतला.

कणगी खरंच तापली होती. उन्हाने भिंत तापते तशी नव्हे. ऊन होतंच कुठे? आतून येणारी, ओलसर, तापाच्या अंगाची असते तशी ऊब. केसरने दुसऱ्या बाजूला हात लावून पाहिला. तिथे लिंपण गार होतं. फक्त मनुबाईची पाठ टेकायची त्या बाजूलाच ताप होता.

"मानमोडीचा ताप असाच येतो," मनुबाई म्हणाली. "घडी दे भिजवून."

"आये, कनगी हाय ती."

"घडी दे म्हनते ना!"

म्हातारीने लुगड्याचा तुकडा पाण्यात बुडवून कणगीवर चिकटवला. तो सुकला की पुन्हा बुडवायचा. मग ते तिचं दिवसभराचं काम झालं. पाणी लिंपणावरून ओघळून बुडाशी साचायचं. केसर ते फडक्याने टिपायची, आणि टिपताना तिला आंबूस गोड वास यायचा, आजारी पोराच्या तोंडाला येतो तसा. तिला वाटायचं, मी खाल्लं म्हणून म्हातारीला पोर जितं वाटलं, आणि जितं वाटलं म्हणून त्याला ताप आला. आता हा ताप कुठवर जाणार?

तिने खायचं सोडलं. दोन दिवस परळ सकाळी तसाच असायचा, आणि मनुबाई परळ चाचपून कपाळ बडवून घ्यायची. "जेवत न्हाय! तापानं तोंड कडू झालं तिचं!" आणि घड्या दुप्पट व्हायच्या.

मग खांड बुजवायचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी भरती येऊ दे नाहीतर काय, बांध सोडायचा नाही, असं अंबाजीकाकाने सांगितलं. अंबाजीकाका म्हणजे पाड्यातला वडीलधारा, बाळाजीचा चुलत चुलता. सारा पाडा बांधावर होता. मनुबाईला घरात बसवून केसरने बाहेरून कडी घातली. दिवेलागणीला कडी काढून ती आत आली, तर परळ रिकामा होता. नुसता रिकामा नव्हे, पुसलेला. कडेने बोट फिरवल्याची एक गोल रेघ होती, आणि ती रेघ बारीक होती.

"आज सगलं खाल्लन," मनुबाई अंधारातून म्हणाली. "बोटां चाटली. आवाज आला मना."

केसरने दिवा लावला. तिने कोपरे पाहिले, उंदराच्या लेंड्या शोधल्या. एकही सापडली नाही. मांजर पाड्यात नव्हतंच. म्हातारीनेच खाल्लं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण म्हातारीची बोटं बारीक झाली तरी एवढी बारीक नव्हती.

दुसऱ्या दिवशी जमीन सारवताना ती कणगीच्या मागे गेली. तिथलं लिंपण भिजून फुगलं होतं, वरच्या एका फुटक्या कौलातून तिथे थेंब थेंब गळत होतं, आणि कामट्यांच्या फटींतून पांढरे केस बाहेर आले होते.

बोटभर लांबीचे. मऊ. दाट.

केसर सारवणाचा हात तसाच धरून बसून राहिली.

"तुला दिसलं व्हय?" मनुबाई पलीकडून म्हणाली. "केस वाडलेत तिचं. रोज तेल लावते मी."

खरंच, त्या केसांवर खोबरेल चमकत होतं. केसरने कणगीला कान लावला. आत कोणीतरी दात खात होतं. झोपेत पोरं खातात तसे, बारीक, एकसारखे, न थांबता.

त्या दिवशी भाताला वास आला. बाळाजीने पहिला घास तोंडातून परत ताटलीत काढला आणि काही न बोलता उठला. खाटलं उभं करून तो कणगीवर चढला, वरून आत हात घातला, आणि खाली उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे झाले होते.

"आत जितं हाय काय तरी. ऊन लागतंय हाताला."

"काय तरी म्हंजे?" मनुबाई चवताळली. "भन हाय तुजी!"

बाळाजी भगताकडे गेला आणि दुपारी परत आला. भगताने सांगितलं होतं, पायलीभर तांदळाचा भात करून त्यावर कोंबडं ठेवायचं आणि खाडीच्या तोंडाशी सोडून यायचं, मागे न बघता.

"पायलीभर?" केसर म्हणाली. "आपन खरवड खातो आनि खाडीला पायलीभर?"

"मग काय करू? तू सांग!"

केसर उठली. भीती होतीच, पण भूक तिच्याहून जुनी होती. ती पोटाला सांभाळत खाटल्यावर चढली, आणि ऊब होती त्या बाजूला तिने खांद्यापर्यंत हात आत खुपसला. ऊब हाताला चिकटली. बोटांवर काहीतरी चालायला लागलं. डोळे मिटून तिने मूठ भरली आणि दाराशी उजेडात येऊन उघडली.

मुठीत भात होतं. गुठळी झालेलं, बुरशीने निळसर, आणि प्रत्येक दाण्याला पांढरा मोड. मधून काळे सोंडे किडे धावत होते.

ती बघत राहिली. तिच्या माहेरीही खार होता. खारात रोपं लावत नाहीत. भात भिजवून पेंढ्यात दडपायचं, मोड आले की चिखलावर फेकायचं. त्याला रहू म्हणतात. आणि दडपलेल्या रहूच्या पोत्यात हात घातला की असाच चटका बसतो. लहानपणी थंडी वाजली की ती त्या पोत्यावर झोपायची.

"अवो," ती म्हणाली, "भूत न्हाय. पानी हाय. कौलातलं पानी आनि आयच्या घड्या. रहू झालाय भाताचा. आनि ते दात न्हाईत, सोंडे कुरतडतात."

बाळाजीने तिच्या मुठीतलं भात आपल्या तळहातावर घेतलं. भूत गेल्याचा आनंद त्याला क्षणभरच झाला; मग त्याला कळलं की घरातलं अन्न सडलं आहे, आणि हे भुताहून वाईट होतं.

"कोनाला बोलू नको," तो म्हणाला. "काय हाय ते काडून खाडीत टाकू. गावाला कललं तर? उदान सगल्यांच्या खारात आलं, पन कनगी आपलीच सडली. लोक काय बोलतील?"

"सगलं न्हाय सडलं. त्या अंगाचं गार हाय. नुसतं सरदलंय. आज उकडलं आनि माल्यावर धुराला घातलं तर वाचंल."

"येका चुलीवर? दोन दिसांत तेबी कुजंल."

"येका चुलीवर न्हाय म्हनत मी."

बाळाजीला ती काय म्हणते ते कळलं. तो दारात आडवा उभा राहिला. केसर त्याच्या हाताखालून वाकून बाहेर पडली, पावसात, डोक्यावर इरलंसुद्धा न घेता. भागुबाईच्या दारात उभी राहून तिने मूठ उघडून दाखवली. आपल्या घरातलं सडकं भात दुसरीला दाखवणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी कणगी आहे त्यांनाच कळेल. तिचे कान तापले होते.

भागुबाईने मूठ पाहिली, वास घेतला, आणि नाक मुरडलं. "शी! अशी कशी गो तू बया?" आणि लगेच आत वळून ओरडली, "पानी ठेव गो चुलीवर, मोठं तपेलं!"

घटकेभरात पाड्यातल्या बाया टोपल्या घेऊन दारात आल्या. त्यांच्या मागून अंबाजीकाका आला आणि उंबऱ्यापाशी काठी रोवून उभा राहिला.

"तल काडायचा न्हाय. आपल्या चालीत न्हाय ते."

"काका," भागुबाई म्हणाली, "वरचं काडलं तर खालचं त्याला परत लागनार. चाल ठेवायची तर तुमच्या कनगीतलं यांना खायला द्या."

काका काठीकडे बघत राहिला. मग त्याने ती भिंतीला टेकून ठेवली.

मनुबाईला एव्हाना सगळं उमगलं होतं. तिने दोन्ही हात मागे नेऊन कणगीला मिठी मारली होती आणि तिची नखं ओल्या लिंपणात रुतली होती.

"पोरीला ताप हाय आनि तुमी तिला कापता? बाला, तुजी भन हाय रे! तुजी भन!"

बाळाजीच्या हातातला कोयता खाली आला. आईला ओढून काढायचं त्याच्याने होईना. बायाही थबकल्या. केसर म्हातारीसमोर बसली, पोट मांडीवर टेकवून.

"आये, घड्यांनी उतरला का ताप?"

मनुबाईने कणगी आणखी घट्ट धरली.

"इतकं दिस घड्या देतेस. उतरला का?"

"न्हाय," म्हातारी कुजबुजली. "वाडतोय."

"आत कोंडलाय तो. वाट करून देऊ दे."

म्हातारीची नखं हळूहळू लिंपणातून सुटली. केसरने तिला काखेत धरून चार हातांवर नेऊन बसवलं. तिच्या पाठीवर लुगडं ओलंचिंब होतं आणि त्यातून वाफ येत होती.

बाळाजीने बुडाशी कोयता घातला. कामट्या कडकन तुटल्या आणि कणगीने श्वास सोडला. आंबूस, गरम वारा खोलीभर पसरला; दिवा फडफडला; पतंगांचा एक लोट बाहेर येऊन बायांच्या तोंडावर आदळला. मग काळी भुकटी वाहू लागली. तळाचं ते भात आता भात नव्हतंच. हात लावला की दाण्याचं टरफल फुटायचं आणि आत काही नसायचं. ठमीची टोपली. कोणी खाल्ली नाही, कोणी पेरली नाही.

भागुबाईने ती भुकटी सुपात भरून अंगणातल्या खड्ड्यात नेली, आणि कोणी न सांगता तिच्यावर हळदकुंकू टाकलं.

पुढचं काम मात्र भराभर झालं. निळं पडलेलं खताच्या खड्ड्यात. सरदलेलं टोपल्या-टोपल्यांनी पाड्यातल्या सगळ्या चुलींवर. ज्या घरात उकडायचं त्यांनी ओंजळभर ठेवून घ्यायचं आणि बाकी परत द्यायचं, असं भागुबाईनेच ठरवलं आणि बाळाजीला मान खाली घालून हो म्हणावं लागलं. निम्म्याच्या वर भात वाचलं. कौलांतून धूर निघू लागला, आणि पाडाभर उकड्या भाताचा वास पसरला. टोपली घेऊन घरी जाणारी एकेक बाई आपल्या माजघरात शिरली की आधी आपल्या कणगीवर हात ठेवून बघत होती. केसरला ते उघड्या दारांतून दिसत होतं.

मागे उरला तो पांढऱ्या मोडांचा गुंता, गोधडीएवढा. बाळाजी तो उचलून बाहेर फेकायला निघाला.

"केस," मनुबाई म्हणाली. "केस दे मना."

केसरने तो गुंता तिच्या मांडीवर ठेवला. म्हातारीने बोटांनी तो विंचरायला सुरुवात केली, एकेक बट सोडवत, पोरीच्या डोक्यातला गुंता काढावा तशी. बोटं मुळाशी पोचली. तिथे दाणा लागला. बोटं थांबली. त्यांनी दाणा दाबून पाहिला, मोडाची लांबी चाचपली, दुसरा दाणा धरला, तिसरा. उभ्या जन्मात त्या बोटांनी किती रहू फेकला असेल त्याला गणती नाही. डोळे गेले होते, कान फसले होते, मनही; बोटं मात्र फसेनात.

"ह्ये केस न्हाईत," मनुबाई म्हणाली.

तिने एक दाणा नाकाशी नेला.

"रहू हाय ह्यो. लांबलाय, पन कडंचा चांगला हाय. फेकू नको, बाला. खांड बुजली न्हवं? पावसानं खार धुतला असंल. उद्या फेकून बग." ती हे सगळं नेहमीच्या आवाजात बोलली. मग तिचे हात मोडांवरच राहिले. "ह्यो रहू हाय तर माजी ठमी कुटं हाय?"

बाळाजी तोंड फिरवून अंगणात गेला.

"ती न्हाय, आये," केसर म्हणाली.

"मग खात कोन व्हतं?"

केसरला पळून जावंसं वाटलं. पळायला पडवी होतीच. ती तिथेच बसून राहिली.

"मी. मी खात व्हते. भूक लागायची मना."

पाऊस थांबला होता आणि पागोळ्या एकेक करून पडत होत्या. मग म्हातारीने हात पुढे केला. त्या दिवशी मधेच मागे घेतलेला हात आज थांबला नाही. तो केसरच्या गालावर आला, तिथलं पाणी त्याने पुसलं, खांद्यावरून खाली उतरला आणि पोटावर येऊन थांबला. आतून लाथ बसली. म्हातारीने हात काढला नाही.

"सांगायचं न्हाय का गो," ती म्हणाली. "मागायचं."

केसरने सगळं सांगितलं. एकच दिवस सांगितला नाही, बाहेरून कडी होती तो. त्या दिवशी कोण जेवलं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

भागुबाईकडून पहिलं तपेलं आलं. गरम उकडा भात, वर मिठाचा खडा. मनुबाईने चाचपून वाढलं, आणि या खेपेला पहिली ताटली केसरपुढे सरकवली. मग आपल्या ताटलीतला घास उचलला. सवयीने हात कणगीच्या कोपऱ्याकडे गेला. तिथे आता जमिनीवर नुसता एक गोल डाग होता. हात अधांतरी थांबला, वळला, आणि केसरच्या तोंडापाशी आला.

"खा. हितं बसून खा. माज्यासमोर."

केसरने तोंड उघडलं. ती चावत होती आणि म्हातारी मान वळवून ऐकत होती. जेवण झाल्यावर केसर ताटल्या घेऊन उठली. परळ रिकामा होता, आणि दोन्ही ताटल्यांत उचलून टाकायला एक शीतही नव्हतं.